पहिलं पाणी शेंड्याले

मामाजी,

पाया पडते. तुमच्यासमोर मी कधी डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही, अन् "हाव" आणि "आणते" याच्यापलीकडे तिसरा शब्द तोंडातून काढला नाही. सासऱ्यासमोर सून बोलत नाही, हे तुमच्या घरात मले पहिल्याच दिवशी समजलं होतं. आज बोलते. तुम्ही फोटोत आहा, मधातच हात वर करून "बस झालं, सूनबाई" म्हणू शकत नाही, म्हणून हिंमत आली म्हणा.

कायले लिहून राहिली ते सांगते. आज सकाळी सुमननं आपल्या आंगणात करपलेल्या धानाचा भारा आणून टाकला. सुमन म्हणजे शेंड्यावरच्या टोलीतली, त्या गावाबाहेरच्या वस्तीतली, जिथं तलावाचा पाट संपते तिथली. तिचा सासरा तुमच्यासोबत पाटानं फिरायचा, त्याच घरची सून. धान पोटरीतच वाळला होता मामाजी, लोंबी अजून आतच होती. तो कापून, भारा बांधून, तिनं डोक्यावर आणला अन् तुळशीजवळ टाकला.

"घ्या काकू," म्हणली, "तुमच्या बैलाइले. आमच्या घरी तं खायले बैल पण नाही राहिला."

ना आवाज चढवला, ना शिवी दिली. शिवी दिली असती तं मी पण दिली असती, अन् दोघी मोकळ्या झालो असतो. ती डोक्यावरची चुंबळ झटकून चालली गेली. बैलाइनं भाऱ्याले तोंड लावलं. जनावराले काय समजते कोणाच्या घासातलं आहे ते. मी तिथंच उभी राहिली, हातातलं शेण हातातच वाळलं.

तुमचा लेक ओसरीत चहा पिऊन राहिला होता. त्यानं सगळं पाहिलं. म्हणे, "जाऊ दे, तिचं डोकं तापलं आहे."

डोकं तापलं आहे म्हणे. बाईचा वर्षाचा धान वाळला अन् ह्याले तिचं डोकं दिसलं.

मी लग्न होऊन आली ते वर्ष आठवते का तुम्हाले? माह्या माहेरी लहानशी बोडी होती, एवढा मोठा तलाव मी इथंच पहिल्यांदा पाहिला. अन् आपलं वावर तं तलावाच्या मातीच्या पाळीच्या खालीच. मनात म्हणलं, नशीब काढलं कमल, पाणी उशाशी आहे. मंग भादव्यात पाऊस दडी मारून बसला, अन् तलाव सोडायचा दिवस आला. पाणी सोडायच्या तुडुमाच्या दगडी बुरजाले भोकं असायची, त्याइच्यात लाकडाचे खुंटे ठोकलेले. तुम्ही छातीएवढ्या पाण्यात उतरून एक खुंटा उपसला, अन् पाणी भसभस करत पाटात आलं. मी धुऱ्यावर उभी. म्हणलं, आता आपल्या बांधीत, आपल्या धानात येईल.

आलं नाही. तुम्ही आपल्या बांधीचं तोंड आधीच चिखलानं थापून बंद केलं होतं, वरतून पायानं दाबलं होतं. पाणी आपल्या धानाच्या समोरून गेलं, मधातल्या वावराइच्या समोरून गेलं, गावाले वळसा घालून पार शेंड्याले गेलं. आधी सुमनच्या सासऱ्याची बांधी भरली. मंग त्याच्या वरची, मंग तिच्या वरची. तलावाले सगळ्यात जवळ आपण, अन् आपला नंबर सगळ्यात शेवटी. तोपर्यंत आपला धान पिवळा पडला होता.

आत्याबाई चुलीपुढं बसून बडबड करायच्या. "याइले लोकाचे लेकरं दिसते, आपले नाही दिसत." तुम्हाले ऐकू जायचं. तुम्ही ताटावरून मान वर न करता एकच बोलायचे, "पहिलं पाणी शेंड्याले." झालं, विषय संपला. काहून, कशासाठी, ते कधी कोणाले सांगतलं का? आत्याबाईले नाही सांगतलं, तं मले कोण सांगते. मी आपली मनातल्या मनात तुम्हाले वेडा म्हातारा म्हणायची.

अन् ते पाळीचं काम. अक्षयतृतीया झाली की तुमची दवंडी. घरामागं एक माणूस, एक टोपली. तलावाच्या पोटातली सुकलेली माती खोदायची, पाळीवर चढवायची, अन् जिथं खेकड्याइनं भोकं पाडली तिथं कुटायची. उन्हानं टाळू तापायची. तुमचा लेक तेव्हा नेमका पाहुणचाराले गेलेला असायचा, म्हणून आपल्या घरची टोपली माह्याच डोक्यावर. सरपंच असो की शाळेतले मास्तर, घरचं एक माणूस यायचंच. जो नाही आला त्याले दंड नव्हता. फक्त दुपारी आंबील प्यायले बसलो की त्याचं नाव निघायचं, अन् बायका त्याची अशी पूजा बांधायच्या की दुसऱ्या दिवशी गडी सगळ्याइच्या आधी पाळीवर हजर.

मले ते काम फार आवडायचं असं नाही म्हणणार. मान दुखायची, रात्री कुशीवर वळता येत नव्हतं. पण पावसाळ्यात पाळीवरून चालताना समजायचं, की इथं मी माती टाकली, तिथं सुमनच्या सासूनं टाकली. पाळ कधी फुटली नाही. सरकार कुठं आहे ते तेव्हा मले माहीत नव्हतं. भंडाऱ्याले आहे म्हणायचे, कचेरीत. तलावाचं काही असलं तं तिथं जाऊन विचारावं लागते, हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

तुम्ही गेले. तुमच्यामागं काही वर्षं टोपल्या चालल्या. दवंडी देणारा नव्हता, तरी अक्षयतृतीया झाली की बायका आपल्या आपण निघायच्या. मंग भाऊ आले.

भाऊचं नाव लिहीत नाही. तुम्ही ओळखता, त्याचा बाप तुमच्यासोबत पवनीच्या बाजारात बैल विकायले यायचा. आता पोराच्या मागंपुढं गाड्या असते. आम्ही पाळीवर माती टाकून राहिलो होतो, तेवढ्यात हा पोट्ट्याइची फौज घेऊन आला. माह्या डोक्यावरची टोपली त्यानं आपल्या हातानं खाली उतरवली. म्हणे, "आमच्या माया-बहिणी अजून डोक्यावर माती वाहून राहिल्या, अन् आपण पाहत बसतो? हे सरकारचं काम आहे. तुमचं काम नाही." टाळ्या पडल्या. मान दुखून राहिली होती, मी पण वाजवल्या.

कोणाले समजलं नाही की तलाव तिथंच गेला. जो माणूस आज म्हणते हे तुमचं काम नाही, तो उद्या म्हणू शकते की हे तुमचं पाणी नाही. पण हे तेव्हा कोणाच्या डोक्यात आलं? दुपारच्या उन्हात टोपली उतरली की माणसाले फक्त सावली दिसते.

पुढच्या उन्हाळ्यात जेसीबी आला. पाळीवर सिमेंटची भिंत झाली, वरती रंगीत फरशी, बसायले बाक, अन् गावाच्या तोंडाशी कमान, तिच्यावर भाऊचा हात जोडलेला फोटो. संध्याकाळी पोरं-पोरी मोबाइलवर फोटो काढायले जाते. छान दिसते, खोटं कायले बोलू. तुमचा तुडुम तेवढा उखडून टाकला. त्याच्या जागी लोखंडी दरवाजा, दरवाजाले गोल चक्का, चक्क्याले साखळी, साखळीले कुलूप. पाटाले मात्र कोणी हात लावला नाही. पाट फोटोत येत नाही ना.

मागच्या पावसाळ्यात त्या नव्या भिंतीच्या खालून पाणी झिरपाले लागलं. खेकड्याचं भोक, दुसरं काय. तुमच्या वेळी दहा बायका गेल्या असत्या, दुपारच्या आत बुजवून आल्या असत्या. आता काय झालं सांगू? निवेदन दिलं. फरशीवर उभं राहून लोकाइनं व्हिडिओ काढला. "भाऊले पाठवला आहे, भाऊ पाहते" म्हणे. मी टोपली घेऊन निघाली तं आपल्याच घरातून आवाज आला, "आई, सरकारी बांधकामाले हात लावला तं केस होते." साहेब येऊन गेले, मोजून गेले. पूर्ण पावसाळाभर पाणी झिरपत राहिलं, अन् आम्ही सगळे मोठे गावकरी काठावर उभे राहून पाहत राहिलो. आता गावात खांबावरचा दिवा गेला तरी भाऊ, गल्लीत गाय मेली तरी भाऊ. उद्या कोणाच्या नाकावर माशी बसली तं तिचं पण निवेदन जाईल.

आता थोडं तुमच्याशी भांडते. तुम्ही काही कमी नव्हते.

आजकाल लोक डोळे पुसत म्हणते, पहिले गावात एकी होती, ग्रामपंचायत बिनविरोध व्हायची. कोणाची एकी हो? मारुतीच्या पारावर तुम्ही चार म्हातारे बसायचे, ठरवायचे, अन् गाव मान हलवायचं. बायकाइले तं कोणी विचारलंच नाही. टोलीतलं माणूस त्या पारावर बसलं का कधी? सुमनचा सासरा दिवसभर तुमच्यासोबत पाटानं फिरायचा, पण पारापाशी आला की खालीच बसायचा, जोड्याजवळ. "वर ये" म्हणायले तुमची जीभ झिजली असती का? तुम्ही त्याइले पहिलं पाणी दिलं मामाजी, मान नाही दिला.

भाऊ टोलीत गेला तं त्याइच्या खाटेवर बसला. त्याइच्या घरचा चहा प्यायला. सुमन मले सांगत होती तेव्हा तिचे डोळे भरून आले होते. "काकू, घरात एक कपबशी धड नव्हती, तरी प्यायला." एका कप चहात पूर्ण टोली भाऊची झाली. मी तिले नावं कशी ठेवू? तुम्ही तिच्या घरचं पाणी तरी प्यायले होते का?

दुसरं. खुंटा तुम्ही कधी कोणाच्या हातात दिला नाही. तुमचा लेक जवान होता, पोहता येत होतं, तरी त्याले पाण्यात उतरू दिलं नाही. "तुले नाही जमत, सरक तिकडं." तो सरकला, अन् जिंदगीभर सरकतच राहिला. आज पण काही म्हणलं तं तेच बोलते, "मले नाही जमत."

मंग निवडणूक आली. टोलीनं भाऊच्या माणसाइले म्हणलं, आमची एक बाई सदस्य म्हणून उभी करा, सुमनले करा. हसण्यावारी नेलं त्याइनं. चहा प्यायचा तं टोलीत, खुर्ची मात्र गावात. टोली रागानं दुसऱ्या पॅनलकडं गेली, अन् एका गावाचे दोन गावं झाले. घरावर झेंडे लागले. सख्ख्या भावाइच्या एका छपरावर दोन रंगाचे. धानाच्या रोवण्याले एकमेकीच्या बांधीत गाणे म्हणत जाणाऱ्या बायका आता पहिले विचारते, कोणाची बांधी आहे. कोणाच्या घरी मयत झाली तरी लोक आधी पाहते, मेलेला कोणत्या पार्टीचा होता, मंग चप्पल घालते. भाऊचं पॅनल निवडून आलं. गुलाल आपल्या आंगणात पण उडाला, कारण सगळ्याइच्या पुढं आपलाच नितीन नाचून राहिला होता.

हाव, आपला नितीन. तुमचा नातू, तुमच्या खांद्यावर बसून पाटानं फिरलेला. भंडाऱ्याले कॉलेज शिकला, नोकरीसाठी फिरला, कुठं लागलं नाही. भाऊनं गळ्यात दुपट्टा टाकला, अन् लोक त्याले "नितीनभाऊ" म्हणायले लागले. पोरगा वाईट नाही मामाजी. माहे गुडघे दुखते तं स्वतः तेल लावून देते. पण कोणी "नितीनभाऊ" म्हणलं की त्याची चालच बदलते. तलावाच्या कुलपाची किल्ली त्याच्याचकडं दिली आहे. "तुह्या आज्याचंच काम आहे, तूच सांभाळ," असं भाऊ चार लोकात म्हणला, अन् पोरगा फुगला. किल्ली कुठं ठेवते माहीत आहे? तुमच्या फोटोखालच्या फळीवर, उदबत्तीजवळ. रोज तुमच्या पाया पडते अन् किल्ली उचलते. तुम्हाले काही वाटत नाही का हो?

यंदा गणपती गेले अन् त्याइच्यासोबत पाऊस पण गेला. बांध्या भेगाळल्या. ते भोक अजून तसंच, झिरपून झिरपून तलाव उतरला होता, तरी सगळ्या बांध्या एकदा भिजतील एवढं पाणी होतं, पुरून उरलं असतं. नितीन चक्का फिरवायले गेला, सोबत भाऊचे पोट्टे. नारळ फोडला, व्हिडिओ काढला. पाणी निघालं अन् सरळ आपल्या बांधीत घुसलं.

मी धावत गेली. "नितीन, पहिले शेंड्याले जाऊ दे. आज्याची रीत आहे ते."

"आई, तो जमाना गेला. ज्याचं वावर जवळ, त्याले पहिले. साधी गोष्ट आहे."

"अन् टोलीचं काय?"

"जाईल ना त्याइले पण. उरलं तं." मंग पोट्ट्याइले ऐकू जाणार नाही असं हळूच म्हणे, "मत टाकताना त्याइले भाऊ नाही आठवला. आता मले टोली काहून आठवावी?"

"पाणी मतावर असते का रे?"

"सगळंच मतावर असते, आई. तुले काय प्रॉब्लेम आहे? आजीची बांधी जिंदगीभर शेवटी भरली. तुही पहिले भरून राहिली."

बोलायले पाहिजे होतं, पण पायाखाली पाणी येऊन राहिलं होतं, थंडगार, अन् धान डोळ्यासमोर सरळ होऊन राहिला होता. शेतकऱ्याच्या बाईले ते पाहून बरं वाटतेच. आपला धान असा हिरवागार कधी झाला नव्हता मामाजी. लोंब्या निघाल्या. येणारे-जाणारे म्हणते, "कमलबाई, यंदा तं तुमचीच मजा आहे." मी हसून देते. काय करू, रस्त्यात बसून रडू का?

आज सुमन भारा टाकून गेली, अन् मी चप्पल घालून पाटानं निघाली. पार शेंड्यापर्यंत गेली. आपली बांधी भरलेली, तिच्या खालची भरलेली, भाऊच्या माणसाइची सगळी भरलेली. तिथपर्यंत पाट साफ. पांदण ओलांडली तं पाट दिसेच ना. बेशरमाची झाडं, गवत, पिशव्या, अन् कोणाच्या तरी घराच्या बांधकामाचा मलबा बरोबर पाटात टाकलेला. पाणी तिथपर्यंत आलं होतं. तिथं अडलं, पाटाच्या बाहेर फुटलं, अन् नाल्यात गेलं. नाल्याचा चिखल अजून ओला आहे. टोलीचा धान पाण्याच्या कमीनं नाही वाळला. त्याइचं पाणी नाल्यात वाहून गेलं, अन् कोणी खाली जाऊन पाहिलं पण नाही.

मी तिथं दगडावर बसली, अन् तुमचं ते वाक्य मले इतक्या वर्षांनी समजलं. पहिलं पाणी शेंड्याले जायचं, म्हणून मधातल्या सगळ्याइले घाई असायची की शेंडा लवकर भरावा, म्हणजे आपला नंबर लागेल. म्हणून जो तो पाट साफ करायचा, आपल्या समोरचा पण अन् दुसऱ्याच्या समोरचा पण. पाट तुंबला तं सगळ्याइचंच अडायचं, अन् सगळ्यात जास्त तुमचं. आता ज्याची बांधी भरली, त्याले पुढच्या पाटाशी काय घेणं? तो तिथं मलबाच टाकते.

म्हणजे तुम्ही काही साधू नव्हते. पक्के होते. मंग एवढी सोपी गोष्ट तोंडानं सांगायले तुमचं काय जात होतं? आत्याबाईले सांगतली असती तं बिचारी मरेपर्यंत बडबडत राहिली नसती. लेकाले सांगतली असती, नातवाले खांद्यावर बसवलं तेव्हा त्याच्या कानात सांगतली असती, तं आज तो "साधी गोष्ट आहे" म्हणून मले शिकवत नसता. तुम्ही फक्त करायचे. करणारा गेला, अन् आम्ही तुमच्या फोटोले हार घालत बसलो.

सुमन तिच्या धुऱ्यावर होती. अर्धी बांधी कापलेली, अर्धी उभी, वाळलेली. तिचा नवरा मोटरसायकलनं वरठीले कामाले जाते. तो म्हणते, पुढच्या वर्षी वावर पडीतच राहू दे, कायले मरायचं.

मी म्हणलं, "सुमन, उद्या सकाळपासून पाट साफ करायले घेते मी. इकडूनच, शेंड्याकडून. येशीन का?"

"आता कायले, काकू? मेलेल्याच्या तोंडात पाणी घालून तो उठून बसते का?"

"लाखोरी तं होईल. धान गेला तरी ओल असली तं लाखोरीची डाळ निघते."

"अन् दरवाजा कोण खोलन? तुमचा नितीन?"

तिनं विळा उचलला अन् कापाले लागली. येते म्हणली नाही. येत नाही असं पण म्हणली नाही. जाताना मागून तेवढं बोलली, "फावडा चांगला आणजा, इथं मलब्यात गोटे आहे."

घरी आली अन् तुमच्या लेकाले सांगतलं. तो म्हणे, "गावाशी वैर कायले घेतं? नितीनचं नाव खराब होते." म्हणलं, नाव तुमच्या बापाचं पण होतं. तो उठून बैलाइले पाणी दाखवायले गेला. सुमनचा भारा बैलाइनं खाऊन संपवला होता, बुडखे तेवढे पडले होते. ते मी झाडले नाही, राहू दिले. नितीनले दिसायले पाहिजे.

आता शेवटचं लिहिते. तुमच्यासमोर बोलत आहे म्हणजे मागं हटता येणार नाही.

उद्या सकाळी मी तुमचा फावडा काढते. पाट शेंड्याकडून साफ करत वर येते. कोणी आलं तं ठीक, नाही आलं तं पाहून घेईन, माह्या मानेले सवय आहे. आपल्या बांधीचं तोंड मी आजच चिखलानं थापून आली, वरतून पायानं दाबलं, तुम्ही दाबायचे तसंच. पाट मोकळा झाला की तलावात जेवढं उरलं आहे तेवढं पाणी सोडायचं, अन् ते पहिले सुमनच्या बांधीत जाईल. तिथं आता धान नाही, मले माहीत आहे. तरी पहिले तिथंच जाईल. आपल्या धानाले दाणा भरायले अजून एक पाणी पाहिजे. त्याले सगळ्याइच्या शेवटी भेटेल. उरलं तं.

अन् चक्का मी फिरवणार नाही. तुम्ही खुंटा कोणाच्या हातात दिला नाही, म्हणून हे असं झालं. मी किल्ली सुमनच्या हातात देणार. मी जिवंत आहे तोपर्यंत या घराचा नंबर शेवटीच राहील, अन् काहून राहील, ते मी प्रत्येकाले तोंडानं सांगेन, पारावर चढून सांगेन.

नितीन आज भाऊच्या गाडीत बसून भंडाऱ्याले सभेले गेला होता. घाईत होता, किल्ली इथंच ठेवून गेला. ती आता माह्या पदराच्या गाठीत आहे.

आत्ताच गाडीचा आवाज आला. चप्पल काढली त्यानं. तुमच्या फोटोसमोर उभा आहे, पाया पडला, अन् आता फळीवर हात फिरवून राहिला. उदबत्तीचं घर उचलून पाहिलं. "आई, इथली किल्ली कोणी नेली?" विचारून राहिला.

सांगते त्याले, आज्यानं नेली.

तुमची सून,
कमल